भोपाळ सहलीतून वगळणाऱ्यांना एका पालकाचं खुलं पत्र

माननीय संस्थाचालक, मुख्याध्यापक सर आणि पालक-शिक्षक संघाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या फलकावर लागलेली आणि मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेली तुमची चार ओळींची सूचना वाचली. पुढच्या वर्षीपासून नववीच्या सहलीतून भोपाळचं वायुदुर्घटनेचं संग्रहालय वगळलं आहे. 'विद्यार्थ्यांच्या मनावर विपरीत परिणाम होऊ नये' म्हणून यापुढे सहलीत फक्त आल्हाददायक स्थळं असतील. त्याच आठवड्यात मुलांनी मोठ्या जिन्याजवळ लावलेलं भोपाळवरचं भित्तिपत्रक खाली उतरवलं गेलं. आणि ज्या विज्ञानाच्या मॅडमनी हे ठिकाण सहलीत घातलं, त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला आहे, असंही कानावर आलं. मॅडमनी मला यातलं काही सांगितलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. नाहीतर त्यांना आणखी एक खुलासा लिहावा लागायचा.

या तिन्ही गोष्टींबद्दल मी रीतसर अर्ज दिला होता. ऑफिसमध्ये शिक्का मारून पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण शाळा वाईट नाही. माझी मुलगी तिथे आनंदाने जाते. शिवाय आपल्या सोलापुरात हे एकाच शाळेत घडतं अशातलाही भाग नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका प्रोसेस हाऊसमध्ये मेंटेनन्स फिटर आहे. टॉवेलचं सूत रंगवायला लागणारी वाफ, बॉयलर, पंप, कॉस्टिकची टाकी, गळणारे व्हॉल्व्ह हे माझं रोजचं काम. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो, पुढचं बरंचसं शिक्षण सांधे खोलता-बसवता झालं. शाळेने सहलीबरोबर यायला काही पालक मागितले होते, मी रजा टाकून गेलो. म्हणजे तिथे काय झालं हे मी पाहिलं आहे. ग्रुपवर ज्यांनी 'मुलांना असलं का दाखवता' म्हणून आरडाओरडा केला त्यांच्यापैकी एकही जण त्या घरात पाऊल टाकून आलेला नाही.

घरच म्हणतो मी. करोंद भागात हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतलं साधं घर आहे ते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, इथे कुणी बँकेतला कारकून भाड्याने राहत असेल. दुर्घटनेला तीस वर्षं झाली तेव्हा, २०१४ साली, गॅसपीडितांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी ते उभं केलं. सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा ते घेत नाहीत. आत मृत्युमुखी पडलेल्या माणसांचे कपडे आहेत, रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत, फोटो आहेत. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनीच त्या दिलेल्या. भिंतीवर टेलिफोनचे रिसीव्हर लावलेत. उचलून कानाला लावला की आवाज येतो. कुणाची आई बोलते, कुणाचा भाऊ बोलतो. हिंदीत, त्यांच्या त्यांच्या भोपाळी लहेजात. भीमबेटकाला ओरडून घसा बसवून घेतलेली आपली पोरं एकेक रिसीव्हर घेऊन उभी होती, मागचा वाट बघत होता, आणि कुणी कुणाला ढकलत नव्हतं. नववीच्या मुलांना रांगेत उभं करायला किती शिट्ट्या लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

काही मुलं रडली. दोन मुली बाहेर जाऊन पायरीवर बसल्या, मॅडम त्यांच्याजवळ बसून राहिल्या, पाणी दिलं, परत आत चला असं म्हटलं नाही. हे तुमच्यापासून कुणी लपवलेलं नाही, मीही लपवत नाही.

आता तुमचा पहिला आक्षेप. मुलं घाबरली.

परतीच्या प्रवासात, कर्नाटक एक्सप्रेसमध्ये इटारसी गेल्यावर, माझी मुलगी वरच्या बर्थवरून खाली आली आणि तिने विचारलं, "पप्पा, त्यांचा फ्रिज बंद का होता?" घाबरलेलं पोर असा प्रश्न विचारत नाही. डोकं चालायला लागलेलं पोर विचारतं. मी तिला चहाच्या बिलाच्या मागे काढून दाखवलं. तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्या सूचनेत 'दुःखद घटना' एवढाच उल्लेख आहे. घटना म्हटलं की वीज पडल्यासारखं वाटतं. ती वीज पडली नव्हती.

युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात सेविन नावाचं कीटकनाशक बनायचं. त्यासाठी लागणारं मिथिल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, टाक्यांत भरून ठेवलेलं होतं. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन. हे द्रव ३९ अंशांनाच उकळतं. आपल्या सोलापूरचा उन्हाळा त्याला पुरेसा आहे. म्हणून ते शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं असतं आणि त्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं, कारण पाणी लागलं की ते स्वतःच तापतं, तापलं की आणखी जोरात तापतं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत पाणी गेलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा, म्हणजे मुलीने विचारलेला तो फ्रिज, काही महिन्यांपासून बंद होती. बाहेर पडणारा वायू कॉस्टिकने धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर तयारीत नव्हता. उरलेला वायू जाळून टाकायचा तो मनोरा दुरुस्तीसाठी पाइप काढल्यामुळे जोडलेलाच नव्हता. पाण्याचे फवारे सोडले, पण वायू सुटत होता ती जागा फवाऱ्याच्या टप्प्याच्या बरीच वर होती. एमआयसी विभागातल्या पाळीतली माणसं निम्म्यावर आणलेली. रात्रपाळीचा मेंटेनन्स सुपरवायझर काढून टाकलेला.

हे शेवटचं मी मुलीला दोनदा सांगितलं, कारण ते माझं काम आहे. पैसे वाचवायचे ठरले की मेंटेनन्सवाला आधी दिसतो. आम्ही काही बनवत नाही, आम्ही फक्त काही होऊ देत नाही. न झालेल्या गोष्टीचा आकडा कुठल्याच बॅलन्स शीटमध्ये येत नाही.

हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड असलेला तो वायू उतारावर सोडलेल्या पाण्यासारखा जमिनीलगत वस्तीत पसरला. म्हणून उंचीने लहान असलेल्या पोरांच्या नाकातोंडात तो जास्त गेला. जे धावले त्यांनी धापा टाकत तो जास्त ओढला. ओला कपडा नाकातोंडावर धरून बसा, एवढं कुणी सांगितलं असतं तरी किती जीव वाचले असते. पण कारखान्यात काय आहे हेच वस्तीला माहीत नव्हतं, मग ओला कपडा कोण सांगणार? मृतांचा सरकारी आकडा आधी दोन हजारांच्या थोडा वर होता, मग ३,७८७ झाला. गॅसपीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात. बाधितांचा सरकारने स्वतः २००६ साली दिलेला आकडा साडेपाच लाखांच्या वर आहे.

यात विज्ञान आहे, गणित आहे, नागरिकशास्त्र आहे. उष्मादायी अभिक्रिया, घनता, उत्कलनांक हे नववी-दहावीच्या मुलांना पाठ करायला लावता ना? तिथे त्या एकेका शब्दाला माणसाचं नाव होतं.

आणि भीतीचंच बोलायचं तर दरवर्षी १२ जानेवारीला आपण काय करतो? १९३० च्या मे महिन्यात या गावात गोळीबार झाले, मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. आपण मुलांना हार घेऊन चार हुतात्मा पुतळ्यांकडे नेतो. परवाच्या स्नेहसंमेलनात पाचवीच्या चार मुलांच्या गळ्यात दोरीचे फास घालून देखावा केला होता. पुढच्या रांगेतले पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यातला एक मुलगा खरंच रडायला लागला तर निवेदकांनी माइकवरून 'वा, काय अभिनय' म्हटलं. तेव्हा विपरीत परिणामाची सूचना निघाली नाही. देखावा करू नका असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात दोरी चालते आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या कानाला टेलिफोन चालत नाही, याचं कारण भीती नसावं एवढंच सुचवतो.

दुसरा आक्षेप एका पालकांनी ग्रुपवर मांडला आणि त्याला भराभर अंगठे आले. भोपाळचा आणि सोलापूरचा काय संबंध?

१८ मे २०२५. पहाटे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. मालक आणि त्यांच्या घरचे, कामगार आणि त्यांच्या घरचे. अगदी लहान लेकरूही होतं. मालक वेगळा मेला आणि कामगार वेगळा मेला असं झालं नाही, एकाच इमारतीत गेले. मी त्या रस्त्याने रोज कामावर जातो. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईबाप त्याच पट्ट्यात कामाला आहेत, काहींची घरं कारखान्याच्या माळ्यावर आहेत. खाली लूम, मधे सुताच्या गाठी, वर संसार, आणि उतरायला एक जिना. सुताला आग लागली की धूर कसा होतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना भोपाळचा संबंध समजावून सांगावा लागत नाही.

ते सोडा. चिंचोळीला रसायनांचे कारखाने आहेत. पिण्याचं पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो, तो सिलिंडरमधून येतो. बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात अमोनिया असतो. पुणे-हैदराबाद महामार्गावरून दिवसरात्र टँकर जातात. त्यांच्या पाठीवर चौकोनी फलकात आकडे असतात, ते आकडे काय सांगतात हे आपल्यापैकी किती जणांना वाचता येतं? मुलांना आता येतं. मॅडमनी सहलीआधी शिकवलं होतं. बाळीवेशीपासून सात रस्त्यापर्यंत रिक्षात बसून माझी मुलगी दिसेल त्या टँकरचा नंबर वाचते, रिक्षावाले वैतागतात.

भोपाळनंतरच १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांबद्दलची नवी कलमं घातली गेली. आत काय बनतं, त्यात काय धोका आहे, अपघात झाला तर काय करायचं हे कामगाराला आणि आसपासच्या वस्तीला सांगणं मालकावर बंधनकारक झालं. म्हणजे विचारण्याचा हक्क भोपाळच्या माणसांच्या जिवावर आपल्याला मिळाला आहे. तो मुलांना माहीत होऊ नये असं शाळेला का वाटावं?

तिसरा आक्षेप राजकारणाचा. संग्रहालय एकाच बाजूचं आहे, मुलांच्या डोक्यात कंपन्यांविरुद्ध विष भरतं, असं संस्थेच्या एका सदस्यांनी मला तोंडावर सांगितलं. तर हो, ते गॅसपीडितांचं संग्रहालय आहे. ते त्यांची बाजू सांगणार. कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. कुणीतरी मुद्दाम पाणी सोडलं, हा घातपात होता, असं ती सांगत आली. कामगार सांगतात की पाइप धुताना मधे ब्लाइंड, म्हणजे पाणी पुढे जाऊ न देणारी चकती, टाकलीच नव्हती, त्यामुळे पाणी टाकीपर्यंत गेलं. मॅडमनी वर्गात दोन्ही बाजू फळ्यावर लिहिल्या होत्या. मुलांनी वाद घातला. माझी मुलगी तर घातपात मानला तरी फ्रिज, स्क्रबर आणि मनोरा एकाच वेळी बंद कसे, यावर अडून बसली. १९८९ साली सरकार आणि कंपनीत ४७ कोटी डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली. ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोषी धरून दोन वर्षांची शिक्षा दिली आणि ते त्याच दिवशी जामिनावर सुटले. मुख्य अमेरिकी अधिकारी वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला अटक होऊन त्याच दिवशी सुटले होते, ते खटल्याला परत कधी आले नाहीत आणि २०१४ साली वारले. हे न्यायालयाच्या कागदांवर आहे. याला राजकारण म्हणायचं तर वर्तमानपत्र शाळेत घेणं बंद करावं लागेल.

त्या घरात मुलांना नुसती रड सापडली असंही नाही. गुलाम दस्तगीर यांची गोष्ट मुलांनी परतीच्या प्रवासात एकमेकांना किती वेळा सांगितली! भोपाळ स्टेशनचे ते उप स्टेशन अधीक्षक. त्या रात्री फलाटावर उभी असलेली गाडी त्यांनी वेळेआधी, वरचा हुकूम यायची वाट न बघता सोडून दिली. गाडीतली माणसं वाचली. स्वतः ते स्टेशनवरच थांबले, आणि पुढची वर्षं त्या वायूने खिळखिळं केलेल्या शरीराने काढली. आपल्याकडे रेल्वे लाइन्समधली बरीच मुलं आहेत. त्यातल्या एकाचे वडील गार्ड आहेत. त्याने घरी जाऊन वडिलांना विचारलं, "तुम्ही सोडली असती का गाडी?" वडील मला स्टेशनवर भेटले तेव्हा म्हणाले, रात्रभर तेच डोक्यात होतं. सहलीचा याहून चांगला गृहपाठ मला तरी माहीत नाही.

सहल मजेसाठी असते, हा चौथा आक्षेप. मजा झाली. सांचीला झाली, बड्या तलावावर झाली, गाडीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी वाटून खाताना झाली. पुढे जाऊ.

आता जे मुख्य आहे ते. भित्तिपत्रक.

इतका वेळ मी तुमच्या आक्षेपांना उत्तरं दिली, पण खरं सांगायचं तर मला ते खरे आक्षेप वाटत नाहीत. सहल डिसेंबरात झाली. भित्तिपत्रक त्यानंतर बरेच दिवस भिंतीवर होतं. तुम्ही सगळे रोज त्याच्यासमोरून जिना चढत होता. कुणाच्या मनावर काही विपरीत झालं नाही. मुलांनी शेवटचा कागद लावला तोपर्यंत.

त्या कागदाचं नाव होतं 'आपली शाळा'. संग्रहालयातून आल्यावर पाच-सहा मुलामुलींनी मधल्या सुट्टीत शाळा फिरून पाहिली होती. मागच्या जिन्याच्या खालच्या दाराला कुलूप, त्याचा फोटो. दारासमोर मोडक्या बाकांची चळत, तिचा फोटो. तीन अग्निशामक सिलिंडर, त्यांच्यावर भरल्याची तारीख आणि मुदत संपल्याची तारीख, दोन्ही वाचता येतील असे जवळून. प्रयोगशाळेबाहेरची धोक्याची घंटा, तिची वायर भिंतीतून बाहेर लोंबतेय. कुणाचं नाव नाही, टीका नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. खाली एक ओळ: 'मागचं दार कुणाकडे मागायचं?'

दुसऱ्या दिवशी सगळंच भित्तिपत्रक गेलं. नुसता शेवटचा कागद काढला असता तर फार उघड दिसलं असतं, म्हणून भोपाळसकट गेलं, असं मला वाटतं. चुकत असेन तर भित्तिपत्रक परत लावून दाखवा, मी याच ठिकाणी तसं लिहीन.

भोपाळला राजकुमार केसवानी नावाचा एक तरुण पत्रकार १९८२ पासून आपल्या छोट्या साप्ताहिकात लिहीत होता, की हे शहर धोक्यात आहे. कारखान्यातला त्याच्या ओळखीचा एक कामगार वायू लागून मेला होता, त्यावरून तो खोदत गेला. कुणी ऐकलं नाही. आणि कारखान्याचा वस्तीसाठीचा भोंगा? वारंवार होणाऱ्या लहानसहान गळत्यांना लोक उगाच घाबरू नयेत म्हणून तो आतल्या भोंग्यापासून वेगळा केलेला होता. त्या रात्री तो थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. पुन्हा वाजला तोवर लोक रस्त्यावर पडत होते.

लोक उगाच घाबरू नयेत म्हणून. तुमची सूचना पुन्हा वाचून पाहा.

तुम्हाला त्या कंपनीच्या रांगेत बसवायचा माझा हेतू नाही. मुख्याध्यापक सर, तुम्ही फी थकलेल्या मुलांना परीक्षेला बसू देता हे मला माहीत आहे. मागचं दार का बंद आहे तेही माहीत आहे. तिकडून मुलं पळून जातात, गल्लीतली टोळकी आत येतात, शिपाई एकच आहे. ही कारणं खरी आहेत. कुलपाला नेहमीच खरं कारण असतं. आमच्या एमआयडीसीतही मागचं दार बंद ठेवायला चोरीचं कारण असतं आणि ते खोटं नसतं. म्हणून तर आतून ढकललं की उघडणारी, बाहेरून न उघडणारी दारं बनवतात. पॅनिक बार म्हणतात त्याला. बाजारात मिळतो, फार महाग नाही, आणि बसवायला अर्धा दिवस पुरतो.

माझ्या मागण्या अशा.

मागच्या जिन्याचं कुलूप या आठवड्यात काढा आणि बाक हलवा. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते, यावर नाही.

अग्निशामक सिलिंडर भरून घ्या, घंटेची वायर जोडा, आणि वर्षातून दोनदा, न सांगता, शाळा रिकामी करण्याचा सराव घ्या. किती वेळ लागला ते फलकावर लिहा.

मॅडमकडून मागितलेला खुलासा लेखी मागे घ्या. तोंडी 'सोडून द्या आता' चालणार नाही. मागवला कागदावर, मागे घ्या कागदावर. त्यांनी सहलीआधी मुख्याध्यापकांची सही घेतली होती, पालकांची संमतिपत्रं घेतली होती, रडणाऱ्या मुलांजवळ बसल्या होत्या. यापुढे कुठला शिक्षक मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही दाखवायला धजेल?

भित्तिपत्रक जसं होतं तसं, शेवटच्या कागदासकट, त्याच भिंतीवर लावा. त्या मुलांना बोलावून सांगा की त्यांनी काही गुन्हा केलेला नाही. उतरवताना तुम्ही ते त्यांना दिलेलं नाही, ऑफिसच्या कपाटावर गुंडाळून ठेवलंय, आणि ते ज्यांनी बनवलं ती मुलं तिथून जाता-येता वर बघतात.

संग्रहालय सहलीत परत घाला. ज्या पालकांना नको असेल त्यांच्या मुलांसाठी त्या वेळात दुसरं ठिकाण ठेवा. भोपाळला मानव संग्रहालय आहे, वनविहार आहे, मुलांचा वेळ मोकळा जाणार नाही. संमतिपत्रात तिथे काय दिसेल हे आधी नीट लिहा, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणणार नाही. पालकांच्या या हक्काशी माझं भांडण नाही. काही पालकांच्या नकोमुळे सगळ्यांचं दार बंद होतं, तिथे भांडण आहे.

आणि एक विनंती, मागणी म्हणा हवं तर. हे विषय पुढच्या पालकसभेत विषयपत्रिकेवर घ्या, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नको. तोवर अर्धे पालक घड्याळाकडे बघत असतात.

दाराच्या वरच्या बिजागरीला गंज चढला आहे, कुलूप काढलं तरी ते सहज उघडणार नाही. शनिवारी माझी पाळी दुपारी दोनला सुटते. ग्राइंडर आणि नवी बिजागरी घेऊन मी तीनपर्यंत शाळेत येतो. खर्च माझा. शिपाईमामांकडे किल्ली ठेवायला सांगा.

आपला,
नववीतल्या एका मुलीचा बाप
अक्कलकोट रोड, सोलापूर